बाईला इचारलंय का?

आक्का पहिल्यांदा आमच्या घरी आली त्या दिवशी स्वयंपाकघरात नवी फळी ठोकायचं काम चाललं होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर लहान, भांडी ठेवायला जागा नाही म्हणून ही फळी. माझे यजमान आणि सुतार, दोघंही उंच. दोघांनी मिळून भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली होती. आक्का दारात आली, हातातली दह्याची बरणी खाली ठेवली, त्या खुणेकडं बघितलं आणि यजमानांना म्हणाली, "पावणं, बाईला इचारलंय का?"

यजमान गोंधळले. स्वतःच्या घरात त्यांना आजवर कुणी पावणं म्हटलं नव्हतं. "काय विचारायचं?"

"हात कुटवर पोचतोय तिचा ते. तुमी काय रोज भांडी काडनार हाय काय?"

सुतार खाली बघून हसला. मला बोलावून भिंतीला उभं केलं, हात वर करायला लावला आणि खूण चांगली वीतभर खाली आली. तोवर ही बाई कोण, कुठली, हे यजमानांना ठाऊकही नव्हतं.

ती माझ्याकडं आली होती इंग्रजीसाठी. म्हणजे तिला इंग्रजी शिकायचं नव्हतं, माझं इंग्रजी तिला वापरायचं होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. ओळखीतल्या एका संस्थेच्या कार्यकर्त्यानं मला विचारलं होतं की, जिनिव्हाला जगभरातल्या आदिवासी आणि जंगलात राहणाऱ्या बायकांची परिषद आहे, आपल्याकडची एक बाई तिथं बोलणार आहे, तुम्ही दुभाषी म्हणून याल का. मी होकार दिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी बुजरी, खाली मान घालून बसणारी बाई होती.

पहिल्या भेटीत मी तिला "अहो आक्का" म्हटलं. ती म्हणाली, "आक्काला कोन अहो म्हनतं? माझ्या म्हशीबी म्हनत न्हाईत." तेव्हापासून मी तिला अगं-तुगंच करते. ती मला मास्तरीण म्हणते.

आक्का गवळी धनगराची. गारगोटीच्या पुढं रस्ता संपतो, मग पायवाट लागते, आणि ती वाट जंगलातून चढत घाटाच्या कडेवर जाते. तिथं तिचा धनगरवाडा. कारवीच्या कुडाची घरं, थोडी नाचणी, बाकी सगळा संसार म्हशींवर. दही आणि लोणी डोक्यावर घेऊन खाली उतरायचं, विकायचं, पुन्हा वर चढायचं. नवरा लवकर गेला. एक मुलगा, सून आणि दोन नाती. पावसाळ्यात तिथं असा पाऊस पडतो की शेजारच्या घरात जायचं म्हटलं तरी माणूस आधी विचार करतो.

तिचा आवाज एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर पोचायला तयार झालेला. मोबाइल ती कानापासून हातभर लांब धरायची आणि ओरडायची. तिचा फोन आला की आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारायच्या, "आक्का बरी हाय न्हवं?"

म्हशींची नावंही तिची तिनंच ठेवलेली. वाड्यावर जो साहेब नुकताच येऊन गेला असेल त्याच्या हुद्द्याचं नाव पुढच्या रेडकाला मिळायचं. त्यामुळं तिच्याकडं एक तहसीलदार होती, एक सर्कल होती, आणि एक मारकी म्हैस होती तिचं नाव बीडीओ. "तहसीलदार आज पान्हवलीच न्हाई," असं ती फोनवर सांगायची, तेव्हा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला तोंड वळवून बसावं लागायचं.

आणि तो प्रश्न. तो ती कुठंही विचारायची. एकदा माझ्याबरोबर महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात आली होती. शेजारी एक नवरा बायकोसाठी साडी निवडत होता आणि बायको पिशव्या धरून मागं उभी होती. आक्कानं त्याच्या दंडाला हात लावून विचारलंच. तो भडकला, "तुमास्नी काय करायचंय?" आक्का म्हणाली, "मला काय न्हाई, नेसायची तिला हाय." मी तिला ओढत बाहेर आणलं. तिला आपलं काही चुकलं असं जराही वाटलं नव्हतं. दवाखान्यात, एसटीत, एका लग्नाच्या बोलणीत, जिथं तिला बोलावलं होतं तिथं आणि जिथं बोलावलं नव्हतं तिथंही, ती हे विचारायचीच. लोक टाळायचे तिला. मलाही कधीकधी लाज वाटायची.

या प्रश्नामुळंच ती जिनिव्हाला पोचली. झालं असं की, जंगल राखीव करायचं म्हणून त्यांचा वाडा तिथून उठवून खाली शिरोळकडं वसवायचा प्रस्ताव आला. शिरोळ म्हणजे कृष्णाकाठ, काळी जमीन, ऊस. तालुक्याला बैठक झाली. वाड्यावरचे पुरुष गेले आणि संमतीच्या सह्या करून आले. बायकांना हे कळलं ते पुरुष परत आल्यावर. दुसऱ्या दिवशी आक्का वाड्यावरच्या सगळ्या बायकांना घेऊन गारगोटीला निघाली. म्हशीही बरोबर होत्या. पुढं वर्तमानपत्रात याला अभिनव आंदोलन म्हणून छापलं, पण ते काही आंदोलन नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांच्याला धारा काडायच्या हुत्या. म्हशी कुनाच्या जिवावर सोडू? बाप्यांच्या?"

कचेरीच्या आवारात म्हशी उभ्या राहिल्या. साहेब बाहेर आले. आक्कानं त्यांना तिचा तो प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "घरटी एक सही घेतली आहे, आता पुन्हा काय?" आक्का म्हणाली, "घर बाईनं सारवलंय. सही कुनाची घेतली?" मग बायकांनी तिथंच धारा काढल्या आणि आवारातल्या सगळ्यांना दूध पाजलं. त्याचा फोटो छापून आला. तो त्या संस्थेच्या लोकांनी पाहिला आणि त्यांनी तिचं नाव परिषदेसाठी सुचवलं.

भाषणाची तयारी आमच्या घरी व्हायची. ती जमिनीवर मांडी घालून बोलायची आणि मी खुर्चीत बसून इंग्रजी करायची. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी सुरुवात केली ती "या बाई सांगतात की" अशी. आक्कानं विचारलं, "काय म्हनलीस?" मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मी हाय की हितं. मी काय मेलोय, म्हनून तू माझ्याबद्दल सांगतीस? मी 'मी' म्हनलो की तू बी 'मी' म्हन."

मी म्हटलं, "अगं, पण लोकांना वाटेल मीच जंगलात राहते."

"वाटू दे. जरा ऱ्हा."

आमच्याकडं बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. त्या बोलण्यातला तो 'मी' मला लहानपणापासून ओळखीचा होता, पण शिकता शिकता मी तो सोडून दिला होता. इंग्रजीतून का होईना, मला तो पुन्हा म्हणावा लागला. मी जंगलात राहते. माझ्या घरच्या पुरुषांनी सही केली. मला कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा हे मोठ्यानं म्हणताना मला मधेच थांबावं लागलं. आक्कानं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आता बरुबर."

जिनिव्हात तिला कशाचंच नवल वाटलं नाही. तळं बघून म्हणाली, "पानी हाय, पर म्हशी न्हाईत." हॉटेलातलं दही तिनं बोटानं चाखलं, थोडा वेळ विचार केला आणि निकाल दिला, "गायीचं हाय. पर इरजन लावनारी बाई गडबडीची हाय." तिसऱ्या दिवशी तिची पाळी आली. सभागृह मोठं, अर्धगोल, वरपर्यंत माणसं. प्रत्येकाला थोडीच मिनिटं मिळत होती, वेळ संपला की माइक बंद व्हायचा. आक्का उभी राहिली. अध्यक्षांकडं बघून तिचा पहिला शब्द होता, "पावणं."

मी अडखळले. खरं म्हणजे पाहुणे आम्ही होतो. पण मी तसंच भाषांतर केलं, "पाहुणे हो." सभागृहात थोडा हशा झाला आणि सगळ्यांचं लक्ष आमच्याकडं गेलं. मग तिनं सह्यांची गोष्ट सांगितली, म्हशींची सांगितली, धारा काढल्याची सांगितली. शेवटी म्हणाली, "हितं लई जन जंगल वाचवा म्हनत्यात. वाचवा. पर जंगलात जी बाई ऱ्हाती तिला आदी इचारा. ती काय सांगंल ते ऐका. मग ठरवा." माइक बंद झाला तेव्हा 'मग ठरवा' हे तिचं शेवटचं वाक्य अजून व्हायचं होतं. ते तिनं माइकशिवाय म्हटलं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. मला मात्र ओरडून भाषांतर करावं लागलं. आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते.

नंतर जेवणाच्या सुट्टीत एक बाई शोधत आली. उत्तरेकडं, जिथं बर्फ असतं, तिथं तिचं घराणं रेनडियरचे कळप पाळतं. उंच, लाल गालांची, आक्काच्याच वयाची. दोघी एका बाकावर बसल्या. माझी गरज फारशी पडलीच नाही. धार कशी काढतात हे हातांनी सांगून झालं, जनावर हरवलं की कसं हाकारतात ते दोघींनी ओरडून दाखवलं, आणि पहारेकरी धावत आला. तिच्याकडंही जमिनीच्या बैठकांना आधी पुरुषच जायचे. आक्का मला म्हणाली, "बग, तिकडंबी तसंच."

मग त्या बाईनं एक प्रश्न विचारला. तो मी भाषांतर करून सांगितला, "समजा बायकांना विचारलं आणि बायकांचंच एकमत झालं नाही, तर तुम्ही काय करता?"

आक्कानं प्रश्न मला पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "अजून कुनी इचारलंच न्हाई आमास्नी. इचारल्यावर बगू."

ती वेळ लवकरच आली. गारगोटीच्या म्हशींची आणि जिनिव्हाच्या भाषणाची बातमी झाली होती, वरून विचारणा झाली, आणि वाड्यावर नव्यानं सभा घ्यायचं ठरलं. या वेळी आधी बायका बोलणार होत्या. मीही गेले होते. देवळासमोरच्या अंगणात सगळे जमले. साहेब खुर्चीवर, संस्थेचा कार्यकर्ता त्यांच्या शेजारी, आक्का पुढं मातीत बसलेली. एकेक बाई उठत होती आणि सांगत होती, आम्ही जाणार नाही, म्हशी तिकडच्या उन्हात जगणार नाहीत, इथं आमचा देव आहे. कार्यकर्त्याचा चेहरा खुलत चालला होता.

मग आक्काची सून उठली. लहानखुरी, हळू बोलणारी. सासूपुढं तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मला जायाचंय," ती म्हणाली.

कुणीतरी तिला खाली बस म्हणालं. ती बसली नाही. "धाकटीच्या येळंला मला डोलीतनं खाली नेली. पाऊस हुता. वाटंतच समदं झालं. दोगी वाचलो म्हनून कुनी त्याचं नाव काडत न्हाई. थोरली शाळंपायी पावन्यांच्यात ऱ्हाती, सनाला घरी येती. मला दवाखाना जवळ पायजे आन् पोरी घरात पायजेत. आनि काय न्हाई."

त्या डोलीच्या पुढं वाट काढत चालणारी आक्काच होती, हे मला वाड्यावरच्या बायकांनी पूर्वी सांगितलं होतं. सगळे आता आक्काकडं बघत होते. मुलगा बघत होता. साहेब जरा पुढं वाकून म्हणाले, "आक्का, तुमच्याच घरातून आलं की." त्यांच्या आवाजात थोडं हसू होतं.

आक्काचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तिनं डोळे मिटले, उघडले. ज्या घरासाठी ती समुद्रापार जाऊन बोलली होती ते घर तिच्या सुनेला नको होतं. ती हात टेकून उठली आणि म्हणाली, "माझ्याकडं काय बगताय सायेब? तिला इचारलंत, तिनं सांगितलं. लिवून घ्या."

त्यानंतर आणखी काही बायका उठल्या. त्या गप्प बसून होत्या, त्यांनाही जायचं होतं.

सभा संपल्यावर कार्यकर्ता रागानं लाल झाला होता. "आक्का, तुम्ही तिला आधी समजवायला हवं होतं. एवढं सगळं केलं, आणि आता आपली बाजू कच्ची झाली."

आक्का म्हणाली, "उत्तर आपल्या मनासारखंच यायला पायजे आसलं, तर इचारायचं कशाला?"

पुढं बरेच महिने गेले. शेवटी जायचं त्यांनी जावं आणि राहायचं त्यांनी राहावं, यावर तोडगा निघाला. हे आक्कामुळं झालं, बातम्यांमुळं झालं की एखाद्या समजूतदार अधिकाऱ्यामुळं, ते मला सांगता येत नाही. आक्का राहिली. मुलगा, सून आणि नाती शिरोळकडं गेली. त्यांना सोडायला ती स्वतः गेली. घर लावून दिलं, चूल मांडून दिली, शेजारच्या बायकांशी सुनेची ओळख करून दिली, दोन दुभत्या म्हशी बांधून दिल्या, आणि परत येऊन रिकाम्या घरात एकटी राहायला लागली. त्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा ती हळू बोलत होती. खालच्या काकू वर आल्या नाहीत.

परिषदेचं दुसऱ्यांदा बोलावणं आलं. संस्थेनं तिला सांगितलं, की सुनेचं तिथं काढू नका, लोकांचा गैरसमज होईल. ती बरं म्हणाली. मला वाटलं, ऐकलं वाटतं. तिथं उभी राहिली आणि सुरुवातच अशी केली, "पावणं, गेल्या खेपेला मी सांगितलं, बाईला इचारा. आमच्यात इचारलं. माझी सून जातो म्हनाली. गेली. मला लई वाईट वाटलं." हे भाषांतर करताना मी 'मला वाईट वाटलं' म्हटलं आणि खरंच वाटलं. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पुढं म्हणाली, "ऱ्हानाऱ्या बायका खऱ्या आन् जानाऱ्या खोट्या, आसं कुनी म्हनू नये. दोगींनाबी त्यांच्या मनानं ठरवू द्या."

बर्फाकडची ती बाई पहिल्या रांगेत होती. ती उठून आली, आक्काच्या शेजारी बसली आणि दुपारभर तिथून हलली नाही. बाकीच्यांना ते भाषण फारसं आवडलं नसावं. त्यानंतर बोलावणी आली नाहीत. आक्कानंही कधी विचारलं नाही.

मग एका पावसाळ्यात कृष्णेला पूर आला. शिरोळकडची गावं पाण्यात गेली. सून आणि मुली एका शाळेत, मुलगा म्हशी घेऊन उंचावरच्या माळावर. पाणी ओसरल्यावर आक्का वाड्यावरून उतरली, मी कोल्हापूरहून तिच्याबरोबर एसटीनं गेले. घरात गुडघाभर गाळ होता. धान्य कुजून गेलेलं, चूल सापडत नव्हती. सून दारात उभी होती. सासूला बघून तिनं मान खाली घातली.

आक्कानं लुगड्याचा ओचा खोचला, फावडं उचललं आणि कोपऱ्यापासून गाळ ओढायला लागली. मीही पाट्या उचलल्या. वाड्यावरून तिकडंच गेलेली एक शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "आक्का, तू खरं सांगत हुतीस बग."

"मी काय सांगत न्हवतो," आक्का म्हणाली. "बादली हाय काय तुझ्यात? आन हिकडं."

दुपार कलेपर्यंत घराची जमीन दिसायला लागली. सून म्हणाली, "आत्ती, ऱ्हावा की आजच्या दिस." आक्का म्हणाली, "नगं, म्हशी शेजारनीवर टाकून आलोय." तिनं दोन्ही नातींच्या तोंडावरून हात फिरवला, हातपाय धुतले आणि स्टँडकडं चालायला लागली.

मी पिशवी उचलली तेव्हा सुनेनं मला थांबवलं. "म्याडम, आत्तीनं एकदा तरी म्हनायचं हुतं, 'बगितलंस न्हवं?' म्हनून. मी उत्तर तयार ठेवलंतं. शाळंत बसून बसून तेच जुळवत हुतो."

"काय उत्तर?"

"तरीबी मी हितंच ऱ्हानार."

"मग सांग की त्यांना."

ती हातातला खराटा टाकून रस्त्यावर आली. आक्का बरीच पुढं गेली होती. "आत्ती," तिनं हाक मारली. एवढी मोठी हाक तिच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. आक्का थांबली, वळली.

"मी हितंच ऱ्हानार हाय."

आक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती. एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत तिला वळसा घालून गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली आणि मग तिकडूनच ओरडून म्हणाली, "मग भिताडं आदी वाळू देत. वल्यावर चुना लावू नगंस."